सांकली

पहिल्यांदा बिलावर आलं : मार्केट यार्ड, सांकली.
मी गादीवरूनच ओरडलो, रेहाना, डोळे तपासून घे.
ती बोलली नाही. ग पुन्हा दाबला.
आठ दिवसांनी शिराळ्याच्या एका हिशेबपट्टीत
सात पोत्यांची झाली हात पोती.
शेतकरी हसला, म्हणाला, हात कुणाचे भरले, शेठ?
मी नाही हसलो.
त्या महिन्याच्या पगारातून दोनशे कापले,
आणि वर, जरा भरभर हात चालव, म्हणालो.

दिवाळीआधी कॉम्प्युटर तीनदा निळा पडला.
चौथ्यांदा, पाडव्याच्या हिशेबासकट.

विश्रामबागेतनं मगदुमांचा किरण आला.
झाकण काढलं तर आत हळदच हळद,
पंख्यावर, वायरींवर,
नऊ वर्षांची राजापुरी, कुणी न तोललेली.
त्यानं रॅमची पट्टी उपटली, खोडरबर मागितला,
तिचे सोनेरी दात घासले, फुंकर मारली, परत बसवली,
तपासणी लावून घरी गेला.
सकाळी पडद्यावर लाल ओळी.

म्हणाला, काका, आत नुसते दिवे असतात.
हिच्यातला एक कधी लागतो, कधी नाही.
यंत्राच्या लेखी ग आणि क मध्ये
एकाच दिव्याचं अंतर.
स आणि ह मध्येही एकच.

मी रेहानाच्या खुर्चीकडे बघितलं. रविवार होता.

नवी घ्यायला दुकानात गेलो.
हळकुंड मी मोडून बघतो :
आतला रंग, तुटतानाचा आवाज, मग नाकाशी.
चाळीस वर्षं सौदे केले ते एवढ्यावरच.
ही पट्टी मोडून काय बघणार?
एकीवर लाल पत्रा, जत्रेतल्या टकरीच्या मेंढ्यासारखा रंगवलेला.
डब्यावर आजीवन वॉरंटी.
कुणाचं आजीवन, मी विचारलं.
हिचं, किरण म्हणाला. आणि आठ-आठची जोडीच घ्या, एका डब्यातली.
ते मात्र कळलं. दोन लॉटचा माल मिसळला की काय होतं
हे मला शिकवायला नको.

साडेआठला तपासणी सुरू. मी दुकानातच थांबलो.
बाहेर हमाल रिकाम्या बारदानावर झोपलेले.
यंत्र सगळी घरं शून्यांनी भरतं,
मागं फिरून एकेका घराला विचारतं, काय ठेवलं होतं?
मग सगळीकडे एक. पुन्हा विचारतं.
मग एकच एक, बाकी अंधार,
घराघरातनं चालवत नेतं, राखणदाराच्या बॅटरीसारखा.
पहिली फेरी, चुका शून्य.
दुसरी, शून्य.
तिसरीत, तीनला दहा कमी असताना, एक लाल ओळ.
एकच.
नव्या कोऱ्या मालात.

किरणला उठवलं.
झोपेतच म्हणाला, वेग उतरवा काका.
डब्यावर बत्तीसशे आहे, तुमच्या जुन्या बोर्डाला ते झेपत नाही.
सव्वीसशे सहासष्ट ठेवा, परत चार फेऱ्या घ्या.
म्हणजे माल खराब नाही?
माल चोख आहे. घाई फार होतीय.

फोन ठेवला. थोडा वेळ नुसताच बसलो.
मग त्यानं सांगितलेली बटणं दाबली
आणि पहिल्यापासनं सुरू केलं.

साडेनऊला रेहाना आली. चौथी फेरी चालू होती.
डबा तिनं तिच्या खणात ठेवला, पडद्याकडे बघितलं,
अजून किती वेळ?
चालू दे, म्हटलं. बस जरा.
आणि मग, नजर पडद्यावरच ठेवून :
ते सांकली. ते तुझं नव्हतं.
माहीत होतं मला, ती म्हणाली.

गल्ला उघडून शंभराच्या दोन नोटा पुढं केल्या.
तिनं हात पुढं केला नाही.
अडीचशे होते, काका.

दोनशे, मी म्हणालो. चांगलं आठवतंय मला.

तिनं वही काढली, भाद्रपदाचं पान उघडलं,
माझंच अक्षर, माझीच सही.
अडीचशे.

पडद्यावर अजून चुका शून्य.
मी पन्नासाची नोट शोधत राहिलो.